सीआयबिल्डव्हील: पोटात फोर्ट्रान असलेल्या लायब्ररीसाठी

पोटात फोर्ट्रान किंवा सी असलेली पायथॉन लायब्ररी तुमच्याकडे असेल आणि ती चार लोकांच्या हातात द्यायची असेल, तर सीआयबिल्डव्हील (अशी लायब्ररी वेगवेगळ्या मशीनसाठी आधीच बांधून तपासून देणारं साधन) वापरा, असं मी बिनधास्त सांगेन. त्याच्या उणिवाही पुढे मांडते, आणि त्यातल्या दोन चांगल्याच त्रासदायक आहेत. पण आमच्या बडोद्यातल्या छोट्या गटाने हे साधन नीट बसवलं तेव्हापासून "मॅडम, इन्स्टॉल होत नाही" असे फोन जवळजवळ थांबले. आता फोन येतात ते नदीबद्दल, पावसाच्या आकड्यांबद्दल, मॉडेलच्या गुणांकांबद्दल. मला हेच हवं होतं.

आमची लायब्ररी फ्लड राउटिंगची आहे. वरच्या भागात पडलेलं किंवा धरणातून सुटलेलं पाणी नदीच्या पुढच्या ठिकाणी किती वाजता आणि किती जोराने पोहोचेल, हे ती मोजते. गाभा मस्किंगम पद्धतीचा. ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, मस्किंगम नदीच्या पूरनियंत्रणाच्या कामातून निघाली आणि आजही जलशास्त्राच्या वर्गात पहिल्यांदा तीच शिकवतात. आमच्याकडचा गणिताचा भाग आमच्या सरांनी फार पूर्वी फोर्ट्रान ७७ मध्ये लिहिला. प्रत्येक ओळ सातव्या रकान्यापासून बहात्तराव्या रकान्यापर्यंत, टिपणं स्वच्छ, चलांची नावं सहा अक्षरांत. तो कोड पुन्हा लिहून काढा असा सल्ला मला अधूनमधून मिळतो. मी तो मानत नाही. उत्तरं बरोबर येतात, पटकन येतात, आणि त्यामागे सरांनी हाताने तपासलेली कितीतरी उदाहरणं आहेत. वरचा पायथॉनचा थर मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी चढवला, मधला पूल एफटूपायचा, म्हणजे फोर्ट्रान पायथॉनमधून बोलावू देणाऱ्या साधनाचा.

बडोद्यात ह्या विषयाची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि शहराच्या ऐन मधून वळणं घेत जाते. काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी, हे इथे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी त्याच्या बरंच वर गेलं, घराघरांत शिरलं. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी प्रोजेक्टसाठी हाच विषय धरला: आजवा सरोवरातून सोडलेलं पाणी आणि शहरात पडलेला पाऊस एकत्र आले की पातळी कशी चढते. लायब्ररी मागणारे अचानक वाढले. मुलांकडे विंडोजचे लॅपटॉप, प्राध्यापकांकडे मॅक, आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत अजून सेंटओएस ७ ह्या जुन्या लिनक्सवर चालणारा सर्व्हर. फोर्ट्रानचा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन) ह्यांच्यापैकी कुणाकडेच नाही, आणि असायची अपेक्षाही करू नये.

अडचण नेमकी कुठे येते ते सांगते. तुम्ही पिप इन्स्टॉल म्हटलं की पिप, म्हणजे पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन, आधी पायपीआय ह्या पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारात तुमच्या मशीनला जुळणारं व्हील शोधतो. व्हील म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज. फाईल झिपच असते, फक्त तिच्या नावातच कुठलं पायथॉन, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कुठला प्रोसेसर हे लिहिलेलं असतं. जुळणारं व्हील मिळालं नाही तर पिप सोर्स उतरवतो आणि तिथल्या तिथे बांधायला घेतो. कंपायलर नसतोच. मग पानभर लाल मजकूर येतो, मुलाला त्यातली शेवटची ओळ तेवढी दिसते, आणि तो फोन लावतो: "बेन, इन्स्टॉल नथी थतुं."

म्हणजे उपाय एकच: प्रत्येकाच्या मशीनला जुळणारं व्हील आपण आधीच बांधून पायपीआयवर ठेवायचं. हिशेब करा. पायथॉन ३.१० ते ३.१३ अशा चार आवृत्त्या. लिनक्स दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी, मॅक दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी, आणि विंडोज. झाली वीस व्हील्स, दर आवृत्तीला. हे हाताने करणं अशक्य नाही, पण जो करेल त्याचं दुसरं काही होणार नाही.

त्यात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पायथॉन ३.१२ आलं आणि त्यातून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं साधन काढून टाकलेलं होतं. फोर्ट्रान बांधायला आम्ही सगळे वापरत होतो ते नमपाय ह्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं डिस्टयुटिल्सही ३.१२ वर मिळत नाही. सायपाय, म्हणजे नमपायवर उभी असलेली शास्त्रीय लायब्ररी, २०२२ मध्येच, १.९ पासून, मेसन ह्या बांधणीच्या साधनाकडे गेली होती आणि नमपाय १.२६ पासून. आम्हीही मेसन-पायथॉन घेतलं. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा, कारण बरेच जण दोन्हीची सरमिसळ करतात. कोड कसा बांधायचा हे मेसन-पायथॉन किंवा सायकिट-बिल्ड-कोर ठरवतं. तोच कोड कुठे कुठे, कशा वातावरणात बांधायचा, तपासायचा आणि गाठोडं कसं वळायचं, ते सीआयबिल्डव्हील बघतं. पहिलं नीट झालेलं नसेल तर दुसरं काही उपयोगाचं नाही.

बसवायला सोपं आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पायप्रोजेक्ट.टॉमल फाईलमध्ये सीआयबिल्डव्हीलसाठी एक छोटा भाग लिहायचा: कुठल्या आवृत्त्या बांधायच्या, कुठल्या वगळायच्या, चाचणी कुठल्या आज्ञेने चालवायची. आम्ही आल्पाइन लिनक्ससाठी लागणारी मसललिनक्स व्हील्स वगळली, कारण आमच्याकडे ती मागणारं कुणी नाही. मग गिटहब अ‍ॅक्शन्सला (गिटहबवर ठेवलेला कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या सेवेला) एक फाईल द्यायची, ज्यात लिनक्स, मॅक आणि विंडोज अशा यंत्रांची नावं. सार्वजनिक रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) ही यंत्रं फुकट मिळतात, सीआयबिल्डव्हील स्वतःही मुक्त आणि मोफत आहे. आमच्यासारख्या अनुदान नसलेल्या गटाला हे फार मोलाचं आहे. खाजगी रिपॉझिटरीला मात्र मिनिटांची मर्यादा लागते आणि मॅकची मिनिटं महाग पडतात, तेव्हा तसं काम असेल तर आधी हिशेब करून घ्या.

लिनक्सवर ते जे करतं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. लिनक्सची अडचण अशी, की तुम्ही नव्या उबुंटूवर बांधलेली फाईल जुन्या मशीनवर चालत नाही, कारण ती नव्या जीलिबसीची, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची, मागणी करते. उलट चालतं: जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. म्हणून २०१६ मध्ये पेप ५१३ ह्या पायथॉनच्या प्रस्तावाने मेनीलिनक्स नावाचा करार केला, मुद्दाम जुन्या लिनक्सवर बांधायचा. पहिला करार सेंटओएस ५ वर होता, मग ६, मग ७. सेंटओएस ७ वरचा म्हणजे मेनीलिनक्स २०१४, त्याची जीलिबसी २.१७. पुढचा एक अल्मालिनक्स ८ वरचा, जीलिबसी २.२८ चा. सीआयबिल्डव्हील ह्या करारातल्या डॉकर इमेजमध्ये, म्हणजे तयार बांधून ठेवलेल्या बंदिस्त लिनक्समध्ये, शिरून तिथे तुमचा कोड बांधतं. जीफोर्ट्रान, म्हणजे फोर्ट्रानचा कंपायलर, त्या इमेजमध्ये आधीपासूनच असतं, आणून बसवावं लागत नाही.

बांधून झालं की ऑडिटव्हील ते व्हील दुरुस्त करतं. हे काय होतं ते बघायचं असेल तर एक व्हील घ्या आणि साध्या अनझिपने उघडा. आत आपल्या पॅकेजचा फोल्डर दिसतो, आणि त्याच्या शेजारी त्याच नावापुढे डॉट लिब्स लावलेला दुसरा फोल्डर. त्यात लिबजीफोर्ट्रान आणि लिबक्वाडमॅथ ह्या फोर्ट्रानला चालताना लागणाऱ्या लायब्रऱ्या पडलेल्या असतात, नावात एकेक छोटा हॅश (अक्षर-अंकांची खूण) घुसवलेला. दुसऱ्या कुठल्या पॅकेजनेही आपली लिबजीफोर्ट्रान आणली असेल तर दोघींची गल्लत होऊ नये म्हणून तो हॅश. आणि आपल्या एक्स्टेन्शन फाईलमधला पत्ता बदलून ह्या फोल्डरकडे वळवलेला असतो. मी हे पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा खूप काही एकदम उमगलं. मुलांना शिकवताना मी आता हाच प्रयोग करून दाखवते, स्लाइड दाखवत नाही.

इथे एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. व्हीलमध्ये दुसऱ्यांची लायब्ररी गेली की तिचा परवानाही गेला पाहिजे. लिबजीफोर्ट्रान जीपीएल ३ खाली आहे, सोबत जीसीसी ह्या कंपायलर-संचाची रनटाइमसाठीची सवलत. लिबक्वाडमॅथ एलजीपीएल खाली. नमपाय आणि सायपाय आपल्या व्हीलमध्ये हे मजकूर जोडतात. सीआयबिल्डव्हील हे तुमच्यासाठी करत नाही, तुम्हीच परवान्याच्या फाईली ठेवायच्या. मी ही गोष्ट महत्त्वाची मानते, कारण आपण ज्यांच्या कामावर उभे आहोत त्यांचं नाव गाठोड्यात असलं पाहिजे.

आता ह्या साधनाचा खरा गुण. चाचणीची आज्ञा तुम्ही दिलीत, तर सीआयबिल्डव्हील बांधून दुरुस्त झालेलं व्हील एका ताज्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकीच्यापासून अलग ठेवलेल्या पायथॉनमध्ये) पिपने बसवतं आणि चाचण्या सोर्सच्या फोल्डरबाहेरून चालवतं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण आपल्या मशीनवर, आपल्याच फोल्डरमध्ये उभं राहून पायटेस्टने चाचण्या चालवणं म्हणजे पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा. तिथे पायथॉन फोल्डरमधल्या फाईली उचलतो, आणि त्या पॅकेजमध्ये खरोखर गेल्या की नाही ते कळतच नाही.

आमच्याकडे घडलं ते असं. एका विद्यार्थिनीने पावसाच्या नोंदी वाचणारी एक सुंदर नवी फाईल लिहिली. चाचण्याही लिहिल्या, तिच्या लॅपटॉपवर सगळ्या हिरव्या. मेसनमध्ये प्रत्येक पायथॉन फाईलचं नाव मेसन.बिल्डमध्ये लिहावं लागतं, नाहीतर ती व्हीलमध्ये जातच नाही. तिने कोड पाठवला आणि काही मिनिटांत सगळ्या यंत्रांवर लाल: मॉड्यूल सापडत नाही. तिने स्वतःच नोंदीतून कारण शोधलं, एक ओळ वाढवली, आणि पुन्हा पाठवलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही. हेच व्हील तसंच पायपीआयवर गेलं असतं तर ते त्याच नावाने दुरुस्त करता आलं नसतं, कारण पायपीआयवर एकदा वापरलेलं फाईलचं नाव पुन्हा वापरता येत नाही. फाईल काढून टाकली तरी नाही. नवी आवृत्ती काढावी लागते.

दुसरा प्रसंग जास्त शिकवणारा होता. जानेवारी २०२५ पासून गिटहबने सार्वजनिक रिपॉझिटरींना एआरएम प्रोसेसरची लिनक्स यंत्रं द्यायला सुरुवात केली. त्याआधी एआरएमचं व्हील क्यूईएमयूच्या नकली प्रोसेसरवर बांधावं लागायचं, आणि त्यात फार वेळ जायचा. खऱ्या यंत्रावर गेलो आणि सरांच्या मूळ चाचण्यांपैकी काही पडल्या. त्या चाचण्या आकड्याला आकडा जुळवणाऱ्या. एआरएमवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करतो, मधलं पूर्णांकन एकदा कमी होतं, त्यामुळे शेवटच्या एकदोन अंकांत फरक पडतो. साध्या एक्स८६ साठी बांधताना ती सूचना वापरली जात नाही. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. मी सरांना फोन केला. वय झालंय, पण असा प्रश्न आला की आवाज तरुण होतो.

"सर, फरक कितवा अंक ते पाठवू का?"

"पाठव, पण घाबरू नकोस गं. पर्जन्यमापकाचीच अचूकता किती असते ते आठव. सापेक्ष फरक दहाच्या उणे नवव्या घाताच्या आत असला तर सोडून दे. त्याच्या बाहेर गेला तर मात्र मला दाखव, मग तो कोडचा प्रश्न आहे."

तशी मर्यादा आम्ही प्रत्येक चाचणीत लिहिली, आणि ती का ठेवली ते टिपणात लिहिलं. पॅकेजिंगच्या साधनाने आम्हाला गणिताबद्दल नेमकं बोलायला लावलं. हा फायदा कुठल्याही वैशिष्ट्यांच्या यादीत सापडणार नाही.

आता उणिवा. पहिली मॅकची. होमब्रू ह्या मॅकवरच्या साधनाने बसवलेलं जीफोर्ट्रान त्या यंत्रावरच्या मॅकओएससाठी बांधलेलं असतं. म्हणजे गिटहबचं यंत्र मॅकओएस १४ चं असेल तर त्याची लिबजीफोर्ट्रानही १४ च मागते. तुम्ही व्हील ११ पासून चालावं म्हणून बांधायला जाता, आणि दुरुस्ती करणारं डीलोकेट थांबतं: ह्या लायब्ररीची किमान पातळी १४ आहे, व्हीलची ११. थांबतं ते योग्यच, नाहीतर जुन्या मॅकवर ते व्हील बसलं असतं आणि आयात करताना कोसळलं असतं. मार्ग दोन. एक, किमान पातळी १४ जाहीर करायची आणि जुने मॅक सोडून द्यायचे. दोन, जुन्या मॅकओएससाठी बांधलेलं जीफोर्ट्रान वेगळं आणून वापरायचं, सायपायची मंडळी तसं करतात. आम्ही दुसरा घेतला, कारण प्राध्यापक लोक मॅक लवकर बदलत नाहीत. पण ह्यासाठी लागणारी शोधाशोध फार होती. सीआयबिल्डव्हीलच्या कागदपत्रांत सी आणि सी++ वाल्यांसाठी भरपूर आहे, फोर्ट्रानवाल्याला मात्र तुकडे जोडत जावं लागतं. लिनक्ससारखं मॅकवरही फोर्ट्रान हाताशी तयार मिळालं असतं तर आमच्यासारख्यांचं अर्ध काम वाचलं असतं.

दुसरी उणीव विंडोजची, आणि आमचे सर्वात जास्त वापरणारे तिथेच. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर फोर्ट्रान येत नाही. म्हणून मिन्जीडब्ल्यूचं, म्हणजे विंडोजसाठीच्या जीसीसीचं, जीफोर्ट्रान वापरायचं, आणि मग त्याच्या डीएलएल (विंडोजवरच्या लायब्ररीच्या फाईली) बरोबर न्यायच्या. पायथॉन ३.८ पासून विंडोजवर एक्स्टेन्शनसाठी डीएलएल शोधताना पाथ ह्या शोधयादीतले फोल्डर बघितले जात नाहीत, म्हणून "पाथमध्ये टाक, चालेल" हा जुना उपाय आता लागू नाही. लिनक्स आणि मॅकवर दुरुस्ती आपोआप होते, विंडोजवर आम्हाला डेल्व्हव्हील हे दुरुस्तीचं साधन स्वतः जोडावं लागलं. जोडल्यावर ते काम चोख करतं: डीएलएल गाठोड्यात भरतं आणि पॅकेज उघडताना त्यांचा पत्ता सांगणाऱ्या ओळी घालतं. दुरुस्तीची आज्ञा एका ओळीची आहे. ती ओळ पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत हवी, कारण तिच्याशिवाय "डीएलएल लोड फेल्ड" एवढंच दिसतं, आणि कुठली डीएलएल तेही विंडोज सांगत नाही.

सेंटओएस ७ च्या सर्व्हरबद्दल थोडं. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, हे खरं. पण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत यंत्र बिघडेपर्यंत चालतं, आणि मुलांनी त्यावर काम करायचं असतं. सीआयबिल्डव्हीलने ३.० ह्या आवृत्तीत, २०२५ च्या जूनमध्ये, लिनक्सची नेहमीची इमेज २०१४ वरून २.२८ वर नेली. त्या इमेजमधलं आमचं व्हील जीलिबसी २.१७ च्या सर्व्हरवर बसत नाही. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये इमेजचं नाव मेनीलिनक्स २०१४ असं स्पष्ट लिहिलं की जुनी इमेज मिळते, आणि आम्ही तसंच केलं आहे. त्यात एक अट येते: नमपायची अलीकडची व्हील्सही २.१७ सोडून पुढे गेली आहेत, त्यामुळे चाचणीच्या वेळी पिप नमपायचा सोर्स उतरवून तेच बांधायला बसतो. पिपला बांधलेलंच व्हील आधी घ्यायला सांगणारं सेटिंग चालू केलं की तो थोडी जुनी आवृत्ती घेतो आणि काम पुढे सरकतं. इमेजचा हा बदल सीआयबिल्डव्हील करणाऱ्यांनी बदलांच्या नोंदीत नीट लिहिला होता. अशा नोंदी वाचायची सवय प्रत्येकाने लावावी, आणि सीआयबिल्डव्हीलची आवृत्ती आपल्या फाईलमध्ये पक्की लिहून ठेवावी, म्हणजे बदल आपल्या सोयीने घेता येतो.

नमपाय २ च्या वेळी, जून २०२४ मध्ये, मला ह्या सगळ्या मांडणीचं मोल पुरतं कळलं. त्या आवृत्तीत नमपायची आतली जोडणी बदलली. नमपाय १ वर बांधलेली एक्स्टेन्शन्स नमपाय २ वर चालत नाहीत, पण नमपाय २ वर बांधलेली दोन्हीवर चालतात. आम्ही बांधणीची अट नमपाय २ अशी केली, एक आवृत्ती वाढवली, टॅग लावला, आणि सगळी व्हील्स पुन्हा तयार. त्या आठवड्यात इतर कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावाने त्रासलेले लोक मला भेटले. आमची मुलं आपलं काम करत राहिली.

प्रकाशनाचं काम सीआयबिल्डव्हील करत नाही, त्याला वेगळी पायरी आहे. पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये ट्रस्टेड पब्लिशिंग आणलं. पासवर्ड किंवा टोकन कुठे साठवायचं नाही, पायपीआयला एकदा सांगून ठेवायचं की ह्या रिपॉझिटरीच्या ह्या फाईलमधून आलेलं स्वीकार. गटातलं कुणी नोकरी बदलून पुण्याला किंवा परदेशी गेलं तरी काही अडत नाही. विद्यार्थी येत-जात असणाऱ्या गटाला ह्याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

वेळेबद्दल. चूक झाली की दुरुस्त करा, पाठवा, थांबा, नोंदी वाचा, असा फेरा चालतो आणि तो कंटाळवाणा आहे. लिनक्सपुरता त्यावर इलाज आहे. आपल्या मशीनवर डॉकर असेल तर "ओन्ली" हा पर्याय देऊन एकच व्हील घरच्या घरी बांधता येतं, उदाहरणार्थ फक्त पायथॉन ३.१२ चं. नव्वद टक्के गडबडी तिथेच कळतात असा आकडा मी देणार नाही, पण बहुतेक कळतात. आणखी एक सवय फार उपयोगी: आधी सोर्सचं गाठोडं बनवा आणि सीआयबिल्डव्हीलला फोल्डरऐवजी ते गाठोडंच द्या. मग सोर्समध्ये एखादी फाईल राहून गेली असेल तर तेही उघडं पडतं.

कोंडा हे पिपसारखंच पॅकेजेस बसवणारं दुसरं साधन; त्याच्या भांडाराशी, कोंडा-फोर्जशी, तुलना टाळता येणार नाही. २०१५ पासून चालणारा हा सामुदायिक प्रकल्प आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या फोर्ट्रानवाल्यांसाठी त्याची रचना जास्त नीटस आहे. तिथे लिबजीफोर्ट्रान हे स्वतंत्र पॅकेज असतं, सगळे एकच वापरतात, प्रत्येकाने आपापली प्रत भरून न्यायची गरज पडत नाही. पाककृतीसारखी एक फाईल लिहायची, ग्रेस्कल हे साधन ती पायपीआयवरून बरीचशी तयार करून देतं. मग माणसं ती वाचून तपासतात, आणि पुढे नवी आवृत्ती आली की त्यांचा बॉट आपणहून बदल सुचवतो. आमचं पॅकेज तिथेही आहे. तपासणाऱ्याने परवान्याच्या फाईलीबद्दल विचारलेला प्रश्न नेमका होता आणि भाषा आदराची होती. ज्याच्याकडे कोंडा आहे त्याला मी तोच रस्ता सांगते. पण विद्यार्थी पिपनेच येतात. कोलॅब ह्या ऑनलाइन पायथॉनच्या वहीत पहिली ओळ पिप इन्स्टॉलचीच असते, व्हिडिओ बघून शिकलेल्यालाही तेवढंच माहीत असतं. त्यांना आधी कोंडा शिका म्हणणं मला पटत नाही. म्हणून दोन्ही ठेवावं, आणि सुरुवात व्हीलने करावी.

कुणाला हे नको? ज्यांची लायब्ररी निव्वळ पायथॉनमध्ये आहे त्यांना. तिथे एकच व्हील सगळीकडे चालतं, बिल्ड हे साधं साधन पुरतं, आणि सीआयबिल्डव्हील असं व्हील तयार झालेलं दिसलं की स्वतःच चूक दाखवून थांबतं. ज्यांचे वापरणारे सगळे एकाच संस्थेत, एकाच प्रकारच्या यंत्रांवर आहेत, त्यांनीही एवढा पसारा मांडू नये.

बाकीच्यांनी सुरुवात अशी करावी: फक्त लिनक्स, फक्त एक पायथॉन, आणि चाचणीची आज्ञा पहिल्या दिवसापासून. ते हिरवं झालं की विंडोज जोडा, डेल्व्हव्हीलसकट. मॅक शेवटी घ्या, आणि जीफोर्ट्रान कुठल्या मॅकओएससाठी बांधलेलं आहे ते आधी तपासून मग घ्या. पायपीआयवर पाठवण्याआधी टेस्ट पायपीआय ह्या सरावाच्या भांडारात पाठवा, आणि कंपायलर नसलेल्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर ते बसवून बघा. आम्ही त्यासाठी दर वेळी पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बोलावतो. अडलं तर ते लाजत नाहीत, लगेच सांगतात.